सुंदरही वाटलं आणि शिसारीही आली: 'द निऑन डीमन' पाहिल्यानंतरची घालमेल

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुम्ही रात्री उशिरा 'द निऑन डीमन' पाहिलात. इतक्या देखण्या फ्रेम्स एकाच चित्रपटात क्वचित पाहिल्या असतील असं वाटलं. मग शेवटच्या भागात अशी शिसारी आली की बंद करावासा वाटला, पण केला नाहीत. आता दिग्दर्शकाचा राग येतोय आणि थोडा स्वतःचाही. एक मित्र त्याला मास्टरपीस म्हणतो. एक मैत्रीण म्हणते, पोकळ आहे आणि बायकांचा द्वेष करणारा आहे. तुम्हाला दोघांचंही पटतं, म्हणून विचारताय: माझं मत नेमकं काय? पुन्हा पाहू का? आणि मित्राशी बोलताना सुरुवात कुठून करू?

मी चित्रपटांची संकलक आहे. बावीस वर्षं हेच काम करते. रसग्रहणाच्या वर्गात हा चित्रपट दोनदा दाखवला आहे आणि दोन्ही वेळा वर्ग सरळ दुभंगला. संकलनाच्या टेबलावर एकच शॉट शंभर वेळा पाहावा लागतो. इतक्या वेळा पाहिला की त्याचं देखणेपण बोथट होतं, किळसही बोथट होते. मग एवढंच विचारायचं उरतं, की हा शॉट इतका वेळ का टिकलाय आणि नेमका इथेच का तुटलाय. तुमच्या प्रश्नाकडे मी त्याच अंगाने बघणार आहे. शेवटासकट सगळं सांगावं लागेल, तेव्हा ज्यांना चित्रपट कोऱ्या मनाने पाहायचा आहे त्यांनी आधी तो पाहून यावं.

तुम्ही म्हणता, मत ठरत नाही. मला वाटतं ते ठरलेलं आहे. वेगवेगळ्या दृश्यांबद्दल तुमची वेगवेगळी मतं आहेत आणि तुम्ही त्यांची सरासरी काढू पाहताय. ती निघणार नाही, कारण हा चित्रपट सगळीकडे सारखा प्रामाणिक नाही. कुठे तो प्रामाणिक आहे आणि कुठे नाही, हे शॉट समोर ठेवून सांगता येतं.

डॅनिश दिग्दर्शक निकोलस विंडिंग रेफ्न यांचा हा चित्रपट २०१६ साली कान महोत्सवाच्या स्पर्धा विभागात दाखवला गेला, तेव्हा हुर्योही उडाली आणि टाळ्याही पडल्या. गोष्ट दोन ओळींची आहे. सोळा वर्षांची जेसी मॉडेल व्हायला लॉस एंजेलिसला येते. तिच्या रूपामुळे सगळी दारं आपोआप उघडतात. रुबी नावाची मेकअप आर्टिस्ट आणि जीजी, सारा या दोन मॉडेल तिच्याकडे आधी कुतूहलाने बघतात, मग असूयेने. शेवटी त्या तिला मारतात आणि अक्षरशः खातात.

पहिला शॉट आठवा. एक मुलगी सोफ्यावर पडलेली आहे. चेहऱ्यावर चमकते खडे, अंगावर चकाकणारा पोशाख, गळ्यावरून ओघळलेलं रक्त, डोळे उघडे आणि स्थिर. कॅमेरा सावकाश मागे सरकतो. मग एक तरुण दिसतो, तिच्याकडे टक लावून बघणारा. काही क्षण आपण त्यालाच खुनी समजतो. मग कळतं की हा छायाचित्रकार आहे आणि आपण फोटोशूट बघतोय. त्यानंतर ती मुलगी, म्हणजे जेसी, आरशासमोर बसून मानेवरचं नकली रक्त पुसताना दिसते. ते सहज निघत नाही, घासावं लागतं. आणि आरशातून रुबी तिच्याकडे बघत असते.

आता संकलकाच्या नजरेने क्रम पाहा. आधी प्रेत, मग बघणारा, मग पुसण्याची मेहनत. हाच मजकूर उलट क्रमाने लावला असता, म्हणजे आधी मेकअप, मग सेट, मग पोज, तर आपण निर्धास्त राहिलो असतो. सगळं खोटं आहे हे माहीत असताना पाहिलं असतं. इथे आपण आधी एका मेलेल्या मुलीला 'काय सुंदर!' म्हणतो आणि मग आपण काय म्हणालो ते आपल्याला कळतं. चित्रपटाने पहिल्याच मिनिटात प्रेक्षकाशी केलेला हा करार आहे आणि तो उघडपणे केलेला आहे. शेवटी तुम्हाला स्वतःचा जो राग आला, त्याचं बी इथे पेरलेलं होतं. म्हणून तो राग मी तुमचा कमकुवतपणा मानत नाही. तुम्ही चित्रपट नीट पाहिलात, त्याची ती खूण आहे.

पण 'बंद केला नाही' याबद्दल तुम्ही स्वतःला जो दोष देताय, तो निम्मा तरी काढून टाका. या चित्रपटाची दृश्यं आधी शरीरावर काम करतात, विचार नंतर येतो. लाल आणि निळा प्रकाश आपल्या डोळ्यात एकाच ठिकाणी केंद्रित होत नाही. डोळ्याच्या भिंगातून निळा जास्त वळतो, लाल कमी. त्यामुळे गडद लाल आणि गडद निळा शेजारी आले की एक स्पष्ट दिसतो तेव्हा दुसरा किंचित धूसर होतो आणि डोळा सतत जुळवाजुळव करत राहतो. काळ्या पार्श्वभूमीवर बहुतेकांना लाल पुढे आल्यासारखा वाटतो आणि निळा मागे गेल्यासारखा. गडद लाल बराच वेळ पाहून नजर एकदम पांढऱ्यावर गेली की तिथे हिरवट-निळसर छाया तरंगते. हा चित्रपट अशा रंगांच्या जोड्यांवर उभा आहे. रेफ्न रंगांध आहेत. मधल्या छटा त्यांना नीट दिसत नाहीत, म्हणून ते टोकाच्या विरोधात विचार करतात, आणि छायालेखक नताशा ब्रायर यांनी तो विरोध प्रकाशात उतरवला आहे. पडद्यावरून नजर हटत नव्हती असं तुम्ही म्हणता, त्यात डोळ्याच्या रचनेचाही वाटा आहे. ती संमती नव्हे.

संगीताचंही तेच. क्लिफ मार्टिनेझ यांचे सिंथेसायझरचे सूर आता घाबरा, आता हळहळा, असं सांगत नाहीत. गोड, थंड, एकसारखे वाहत राहतात. एरवी पार्श्वसंगीत आपल्याला हात धरून नेतं. इथे तो हात काढून घेतला आहे, त्यामुळे नेमकं काय वाटून घ्यायचं हे कळत नाही आणि आपण बघत राहतो. पार्टीच्या दृश्यात तर अंधारात दिवे लखलखतात आणि चेहरे फक्त त्या लखलखाटापुरते दिसतात. प्रत्येक लखलखाट म्हणजे एक स्थिरचित्र. हलतं चित्र तुकडे होऊन पुन्हा फोटो बनतं, आणि फोटोंनीच खाऊन टाकलेल्या माणसांची ही गोष्ट आहे. (घरात कुणाला लखलखत्या प्रकाशाने फिट येण्याचा त्रास असेल तर हे दृश्य त्यांना अजिबात दाखवू नका.)

आता तुमच्या घालमेलीच्या मुळाशी जाते. आपल्याकडच्या रसविचारात याचं उत्तर फार जुनं आहे आणि मला ते आजच्या कुठल्याही समीक्षेपेक्षा उपयोगी वाटतं. 'नाट्यशास्त्र'कार भरताने आठ रस सांगितले. त्यातले शृंगार, रौद्र, वीर आणि बीभत्स हे मूळ, आणि त्यांच्यातून अनुक्रमे हास्य, करुण, अद्भुत आणि भयानक निघतात असं म्हटलं. म्हणजे किळस हा कलेच्या बाहेरचा उकिरडा नाही. जुगुप्सा, म्हणजे किळस, हा स्थायीभाव (रसाच्या मुळाशी असलेला टिकाऊ भाव) आहे आणि त्यातून होणाऱ्या बीभत्साला रसाचा पूर्ण मान आहे. तेव्हा 'किळस आली म्हणजे चित्रपट वाईट' हा निकष बाद होतो. मात्र पुढे काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' या ग्रंथात रसविरोधाची चर्चा केली. शृंगार आणि बीभत्स एकमेकांना मारक आहेत, ते एकाच आलंबनावर (ज्याच्यामुळे भाव जागा होतो त्या व्यक्तीवर) सलग आणले तर दोन्ही मोडतात, असं त्याचं म्हणणं. ते आणायचेच असतील तर मध्ये दुसऱ्या रसाचा पडदा हवा. त्याने दिलेलं उदाहरण अंगावर येणारं आहे. रणात पडलेले वीर दिव्य विमानातून, अप्सरांच्या सहवासात, खाली मातीत पडलेली आणि कोल्ह्यांनी वेढलेली स्वतःचीच शरीरं बघताहेत. एकाच श्लोकसमूहात शृंगार आणि बीभत्स. तरी तो मोडत नाही, कारण मध्ये वीररस उभा आहे.

रेफ्न यांनी तो मधला पडदाच काढून टाकला आहे. सोफ्यावरची मुलगी एकाच वेळी शृंगाराचं आणि बीभत्साचं आलंबन आहे. मध्ये वीर नाही, करुण नाही. तुम्हाला दोन्ही एकदम वाटलं आणि दोन्ही अर्धवट वाटलं, ते म्हणूनच. मन एका रसात स्थिर व्हायला गेलं की दुसरा त्याला ढकलतो. ही तुमची गोंधळलेली प्रतिक्रिया नाही. फ्रेममध्ये जे ठेवलंय त्याची ती अचूक नोंद आहे. पुढचा प्रश्न इतकाच की पडदा काढून दिग्दर्शकाने काही मिळवलं का.

माझ्या मते बरंच मिळवलं, आणि एका ठिकाणी वाईट तऱ्हेने गमावलं.

मिळवलं ते आधी सांगते. सुरुवातीच्या पार्टीत, स्वच्छतागृहात, लिपस्टिकच्या नावांवर बोलणं निघतं. नाव एक तर खाण्यावरून असतं नाही तर शरीरसुखावरून. मग जेसीला विचारतात, तू यातली कोण? पहिल्यांदा पाहताना ही नुसती कुजकी थट्टा वाटते. दुसऱ्यांदा पाहताना कळतं की सगळा शेवट त्या एका वाक्यात सांगून झालेला आहे. मराठीत आपण 'नजरेने गिळणं' म्हणतो. हा चित्रपट त्या वाक्प्रचाराचा लाक्षणिक अर्थ काढून घेतो आणि शब्दशः अर्थ शेवटपर्यंत नेतो. आधी नजर, मग स्पर्श, मग रक्त, मग मांस. मध्ये सारा आरसा फोडते, जेसीच्या हाताला काच लागते आणि सारा त्या जखमेला तोंड लावते. तिथून परत फिरायची वाट उरत नाही. नरभक्षण एकदम आकाशातून पडलं असं ज्यांना वाटतं, त्यांनी या पायऱ्या पुन्हा मोजून पाहाव्यात.

साराचं ते दृश्य मला फार मोलाचं वाटतं. कास्टिंगमध्ये डिझायनरने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही आणि मग जेसी आल्यावर त्याची नजर वर उठली. त्यानंतर सारा जेसीला विचारते की सगळं दालन आपल्याकडे वळतं तेव्हा आत काय होतं. सारा झालेल्या अ‍ॅबी ली हिने स्वतः बरीच वर्षं मॉडेलिंग केलेलं आहे. विचारताना तिच्या आवाजात द्वेष कमी आहे आणि भूक जास्त. या चित्रपटात माणूस दिसतो अशा मोजक्या जागांपैकी ही एक. कॅमेरा इथे शांत आहे, रंग मंद आहेत, आणि दृश्याला नटवण्याचा मोह दिग्दर्शकाने आवरला आहे.

आणि फॅशन शो. तिथे प्रेक्षक नाहीत, टाळ्या नाहीत, नीटसा रॅम्पही नाही. काळोख आणि त्यात निऑनचे त्रिकोण. जेसी चालते, आरशांत तिची प्रतिबिंबं येतात, ती त्यांना चुंबते. निळा प्रकाश जाऊन लाल येतो आणि ती बदललेली असते. कथेच्या हिशोबाने इथे 'ती गर्विष्ठ झाली' एवढंच घडतं. दुसऱ्या कुणी ते संवादांत सांगितलं असतं. इथे ते फक्त रंगाने आणि वेळेने सांगितलंय. दृश्य लांब आहे, तुम्हाला कंटाळाही आला असेल. पण त्या लांबीतच चालणारी मुलगी ही बघितली जाणारी वस्तू न राहता स्वतःलाच बघणारी होते. संवादाच्या एका ओळीने हे साधलं नसतं. तुमच्या मित्राला मास्टरपीस दिसला असेल तर तो इथे, आणि इथे तो बरोबर आहे.

आणखी एक जागा. मोटेलच्या खोलीत रात्री जेसी भिंतीला कान लावून उभी आहे आणि पलीकडच्या खोलीत एका मुलीवर हल्ला होतोय. पडद्यावर फक्त जेसीचा चेहरा. पलीकडचं आपल्याला ऐकू येतं, दिसत नाही. एवढा डोळ्यांचा लोभी चित्रपट इथे डोळे बंद करतो. दाखवायचं काय आणि ऐकवायचं काय, याची जाण या दिग्दर्शकाला पुरेपूर आहे, हे त्या भिंतीने सिद्ध केलं. म्हणूनच पुढच्या दृश्याबद्दल माझी तक्रार जास्त तीव्र आहे. तिथे 'त्याला कळत नव्हतं' असं म्हणायची सोय उरत नाही.

ते दृश्य शवागाराचं. जेसीने झिडकारल्यावर रुबी तिथे जाते, जिथे ती प्रेतांचा मेकअप करते, आणि एका प्रेताशी जे करते ते तुम्ही पाहिलंत. मधूनमधून कट जेसीवर जातो. संकलनाच्या भाषेत याचा अर्थ सरळ आहे: रुबी या देहात त्या मुलीला शोधते आहे. कल्पना म्हणून ती चित्रपटाच्या गाभ्याशी जुळते. पहिल्या शॉटमध्ये जिवंत मुलगी प्रेत म्हणून सुंदर होती, इथे प्रेत जिवंत मुलीच्या जागी आहे. कागदावर हे चोख आहे.

पण पडद्यावर ते टिकवलंय फार. अर्थ पोहोचल्यानंतरही शॉट चालू राहतो. आणि त्या टेबलावरच्या बाईला काहीच नाही. नाव नाही, तिच्याबद्दल एक वाक्य नाही, कशी मेली ते नाही. चित्रपट ज्या जगावर आरोप करतोय, की तुम्ही बाईला मांस समजता, नेमकं तेच तो या बाईशी करतो आणि त्याला त्याची जाणीवही नाही. पहिल्या शॉटमध्ये बघणाऱ्याला दाखवलं होतं, त्यामुळे आपण पकडले गेलो होतो. इथे बघणारा कुणी नाही. उरतो फक्त धक्का. तुम्हाला शिसारी आली ती रक्ताची नसावी असा माझा अंदाज आहे. शेवटी सगळं रक्ताने न्हालेलं आहे, तरी त्याबद्दल तुम्ही तक्रार केलेली नाही.

असा वाद सिनेमात जुना आहे. १९६० साली जिलो पॉन्तेकोर्वो यांच्या 'कापो' या छळछावणीवरच्या चित्रपटात एक कैदी बाई विजेच्या तारेवर झेप घेऊन जीव देते, आणि कॅमेरा पुढे सरकून तिच्या मृतदेहाची, वर राहिलेल्या हाताची, नीटनेटकी फ्रेम बसवतो. १९६१ मध्ये 'काये द्यु सिनेमा' या फ्रेंच चित्रपटविषयक मासिकात समीक्षक जाक रिव्हेत यांनी त्या एका हालचालीसाठी दिग्दर्शकाला तिरस्कारास पात्र ठरवलं. मला त्यांची भाषा फार कठोर वाटते. पण मुद्दा सुटत नाही: मृतदेह दिसल्यानंतर फ्रेम सुंदर करण्यासाठी जी दोन पावलं टाकली, ती कुणासाठी टाकली?

हे मी फार सोवळेपणाने बोलत नाहीये. अनेक वर्षांपूर्वी मी एका चित्रपटात मार खाऊन पडलेल्या बाईचा शॉट कापत होते. खिडकीतून उजेड आला होता, तो तिच्या गालावरून सरकत होता आणि फार सुंदर दिसत होता. कथेची गरज दोन सेकंदांत संपत होती. मी तो आठ सेकंद ठेवला. कच्च्या प्रतीच्या खेळानंतर एका बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ती पडलेली असताना तुम्ही काय बघत होतात?" मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी सहा सेकंद काढले. तेव्हापासून प्रत्येक देखण्या शॉटला मी त्या बाईंचा प्रश्न विचारते. शवागाराच्या दृश्याला विचारला, तर मला उत्तर मिळत नाही.

तुमच्या मैत्रिणीचे दोन्ही आरोप म्हणूनच वेगवेगळे तपासावे लागतात. 'पोकळ' या आरोपावर चाहत्यांचं उत्तर ठरलेलं असतं: चित्रपट पोकळपणाबद्दलच आहे, मग तो पोकळच असणार. हे उत्तर मला मान्य नाही, कारण त्या न्यायाने कंटाळवाणा चित्रपट कंटाळ्याबद्दल आहे म्हणून सुटतो. मी वेगळी कसोटी लावते. पात्र बदललं की दृश्याची घडण बदलते का? फॅशन शोमध्ये ती स्पष्ट बदलते. तेवढ्या भागापुरता पोकळपणाचा आरोप मी फेटाळते. पण जेसी मेल्यानंतर जो भाग उरतो, त्यात तो आरोप मला पटतो. चित्रपटाचं केंद्र गेलेलं असतं आणि नवं सापडत नाही. रेफ्न शक्यतो कथेच्या क्रमाने चित्रीकरण करतात आणि वाटेत गोष्ट बदलू देतात. या पद्धतीने सुरुवातीला जिवंतपणा येतो, शेवटी मात्र चित्रांमागून चित्रं येतात आणि त्यांना ओढणारा धागा सैल पडतो. रक्ताचं स्नान, चंद्रप्रकाश, समुद्राकाठचं शूट. प्रत्येक फ्रेम भिंतीवर लावावी अशी आहे, आणि एकीमुळे दुसरी घडत नाही.

शेवटचा डोळा मात्र मी वाचवेन. जीजी खाल्लेला डोळा ओकते आणि सारा तो उचलून पुन्हा गिळते. हे दृश्य किळसवाणं आहे यात वाद नाही. पण सगळा चित्रपट नजरेबद्दल असताना पचला नाही तो डोळाच, हे मला नेमकं वाटतं. आणि इथे बघणारा पुन्हा फ्रेममध्ये आहे. सारा बघते, आपण साराला बघतो. पहिल्या शॉटचा करार पाळलेला आहे.

स्त्रीद्वेषाबद्दल. पटकथा रेफ्न यांनी मेरी लॉज आणि पॉली स्टेनहॅम या दोघींबरोबर लिहिली, कॅमेरा एका बाईच्या हातात होता. एवढ्यावर आरोप मिटत नाही. बाईच्या हातूनही बाईचा देह वस्तू होऊ शकतो. माझंच उदाहरण वर दिलंय. पण 'एका पुरुषाची विकृत कल्पना' इतक्या स्वस्तातही तो निकाली काढता येत नाही. माझं उत्तर दृश्यागणिक बदलतं. साराच्या आरशापाशी हा चित्रपट बायकांच्या बाजूने आहे. शवागारात नाही. तुमच्या मैत्रिणीला दुसरं दृश्य इतकं खुपलं की पहिलं दिसेनासं झालं असेल, तर तो तिचा हक्क आहे. आपल्या सगळ्यांची सहनशक्ती सारखी नसते आणि ती तशी असावी अशी अपेक्षा कुठल्याही चित्रपटाने करू नये.

हुर्योच्या आधारे काही ठरवू नका. १९६० मध्ये कानला 'लाव्हेन्तुरा' या इटालियन चित्रपटाची हुर्यो उडाली आणि त्याच महोत्सवात त्याला ज्युरी पुरस्कार मिळाला, आज तो अभिजात मानला जातो. त्याच वर्षी आलेल्या 'पीपिंग टॉम'ला ब्रिटिश समीक्षकांनी इतकं झोडपलं की त्याचे दिग्दर्शक मायकेल पॉवेल यांची मायदेशातली कारकीर्दच मोडली. तोही कॅमेऱ्याच्या नजरेबद्दलचा आणि त्या नजरेने होणाऱ्या खुनांबद्दलचा चित्रपट. पुढे त्याला मान मिळाला. पण हुर्यो उडालेले कित्येक चित्रपट खरोखरच वाईट होते आणि विसरले गेले. महोत्सवातला गोंगाट चित्रपटाबद्दल थोडं सांगतो, त्या संध्याकाळच्या प्रेक्षागृहाबद्दल जास्त.

पुन्हा पाहावा का? पाहायलाच हवा असं काही नाही. एकदा पाहून मिळालेली प्रतिक्रिया कमअस्सल नसते. पण इच्छा झाली तर सगळा पाहू नका. दिवसा, जाग्या डोक्याने, पहिली दहा मिनिटं आवाज बंद करून पाहा. मार्टिनेझ यांचं संगीत काढलं की फ्रेममध्ये कोण कुणाकडे बघतंय हे लख्ख दिसतं. मग फॅशन शो पूर्ण आवाजात, अंधारात. टीव्हीवर पाहणार असाल तर हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग आणि भडक रंगांचा मोड दोन्ही बंद करा. त्या मोडमध्ये लाल रंगाच्या आतले फरक पुसले जातात आणि ब्रायर यांनी काळोखात ठेवलेलं सगळं राखाडी होतं. मग साराचा आरसा. शवागाराचं दृश्य पुन्हा पाहायची गरज नाही. मी शिकवताना ते आता दाखवत नाही. शब्दांत सांगते, आणि चर्चा तेवढीच चांगली होते.

मित्राशी बोलताना 'मास्टरपीस आहे की नाही' इथून सुरुवात केलीत तर दोघेही आपापल्या जागी घट्ट बसाल. त्याऐवजी त्याला विचारा की शवागारातला तो शॉट त्याला नेमका कुठल्या क्षणापर्यंत पटला. 'अगदी शेवटपर्यंत' असं तो म्हणाला, तर शेवटच्या काही सेकंदांत तो काय बघत होता ते विचारा आणि त्याला बोलू द्या. त्याचं उत्तर जमलं तर मलाही कळवा. मला अजून ते सापडलेलं नाही.